लोखंडी पानाची चीर

शहराच्या वेशीबाहेर एक मोठा माळ होता. लोकांनी तिथे शिल्पांची बाग उभी केली. तिला छप्पर नव्हते, भिंती नव्हत्या. गवतात, झाडांखाली, उतारावर शिल्पे मांडली होती. कुठे दगडाचा भलामोठा गोळा, कुठे नांगराचे जुने फाळ जोडून केलेला पक्षी, कुठे दार नसलेली नुसतीच चौकट. लोक येत, हिंडत, काही उमगले तर थांबत, नाही उमगले तर हसून पुढे जात.

त्याच शहरात सोमाजी नावाचा मूर्तिकार राहत असे. उभा जन्म त्याने दगडात काढला होता. त्याच्या हाताखाली कितीतरी जण शिकले, पण त्याचा खरा जीव होता कुमुदवर. ही पोरकी पोर त्याच्याच अंगणात छिन्नी धरायला शिकली. पुढे तिला लोखंडाची ओढ लागली.

"गुरुजी, मला हलणारं शिल्प करायचंय. वारा आला की बोलणारं," ती म्हणाली.

सोमाजीला ते लागले. "दगड सोडून पत्रे ठोकायचे असतील, तर माझ्या अंगणात जागा नाही," एवढेच तो बोलला. कुमुद त्याच्या पाया पडली आणि निघून गेली. नंतर वर्षानुवर्षे दोघांची गाठ पडली नाही.

बाग उघडली तेव्हा सोमाजीला मानाने बोलावणे आले होते. तो गेला नाही. गर्दी ओसरल्यावर, एका दुपारी, कुणाला न सांगता तो एकटाच गेला.

त्याने स्वतः घडवलेली मूर्ती त्याला बांबूच्या बेटाआड सापडली. ओंजळ धरून बसलेली बाई. ओंजळीत वाळका पाचोळा साठला होता. समोर चिटपाखरू नव्हते. टेकाडावरून मात्र माणसांचे आवाज येत होते. सोमाजी वर चढून गेला.

वर कुमुदचे शिल्प होते. उंच खांबाला टांगलेली लोखंडाची प्रचंड पाने. वारा आला की ती संथ हलत आणि दूरच्या घंटेसारखा नाद उमटे. लोक पानांच्या सावलीत बसले होते. कुणी डोळे मिटून ऐकत होते. एक आई मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. सोमाजीही क्षणभर सगळे विसरला. शिल्प सुंदर होते. ते त्याला मनोमन कबूल करावे लागले, आणि कबूल करताना आत काहीतरी जळले.

मग सवयीने त्याची नजर जोडांवर गेली. सर्वांत मोठ्या पानाच्या देठाशी केसासारखी चीर होती. पान हलले की ती उघडे, पुन्हा मिटे. खाली गंजाचा ओघळ उतरला होता. जोराचा वारा सुटला तर देठ तुटणार, हे त्याला स्पष्ट दिसले.

त्याने इकडेतिकडे पाहिले. दुसऱ्या कुणाचे तिकडे लक्ष नव्हते. 'मला कोणी विचारलंय?' तो मनाशी म्हणाला. 'मोडू दे. मग कळेल लोकांना, दगड काय आणि पत्रा काय.' आणि तो उतरू लागला.

कुंपणाच्या फाटकाशी कुमुद समोर आली. त्याला पाहून ती थबकली. मग तिने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, वर जाऊन आलात?"

"आलो."

"काही चुकलंय का? तुमच्याइतकं बारकाईनं कुणी बघत नाही, म्हणून विचारते."

सोमाजीच्या ओठांवर शब्द आला होता. त्याने तो गिळला.

"छान आहे," तो म्हणाला.

कुमुदचे डोळे भरून आले. त्याने तिच्या कामाला आजवर कधी छान म्हटले नव्हते. "आता मी निर्धास्त झाले," असे म्हणून ती टेकाडाकडे निघाली.

सोमाजी रस्त्याला लागला. पण तिचा तो 'निर्धास्त' शब्द त्याला पुढे जाऊ देईना. डोळ्यांपुढून मांडीवरचे बाळ हलेना. इतक्यात झाडांचे शेंडे वाकले, माळावर धूळ उठली. सोमाजी गर्रकन वळला आणि धावत सुटला. धाप लागली, चप्पल निसटली, तरी तो थांबला नाही.

"कुमुद! सगळ्यांना बाहेर काढ! पान तुटतंय!"

लोकांनी वळून पाहिले. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याला पोरीचं कौतुक बघवत नाही, दुसरं काय!" कुमुदही गोंधळली.

"गुरुजी, आत्ताच तर छान म्हणालात!"

सगळ्यांच्या देखत सोमाजीने हात जोडले. "खोटं बोललो, पोरी. चीर मला मघाशीच दिसली होती. मत्सरापायी गप्प बसलो."

कुमुदने पुढे एक शब्दही विचारला नाही. तिने माणसांना हाताला धरधरून सावलीबाहेर लोटले. बाळाला घेऊन आई शेवटी उठली. कुमुदने तिला ढकलले आणि त्याच क्षणी देठ तुटला. आई वाचली, बाळ वाचले. पानाची कड कुमुदच्या उजव्या मनगटावर आली.

मनगट पुढे सांधले, पण बोटांत पहिली ताकद परतली नाही.

"तुम्ही परत आलात म्हणून सगळे जगले, गुरुजी," दवाखान्यात ती म्हणाली.

"फाटकाशीच बोललो असतो, तर तुझा हातही धड राहिला असता," सोमाजी म्हणाला. ते खोटे आहे असे तिला म्हणता आले नाही.

ती बरी होताच सोमाजी तिच्यासोबत टेकाडावर गेला. पान पुन्हा चढवायचे होते. वेल्डिंग त्याला येत नव्हते. ती स्टुलावर बसून सांगे आणि तो करी. एके दिवशी ती भीतभीतच म्हणाली, "गुरुजी, हा जोड कच्चा राहिलाय."

आजूबाजूची माणसे चपापली. सोमाजीने चष्मा सारखा केला आणि वाकून नीट पाहिले.

"हो, कच्चाच आहे," तो म्हणाला. मग त्याने तो जोड कापून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तात्पर्य: विश्वासाने विचारणाऱ्याला दिसलेला दोष तिथल्या तिथे सांगावा; मत्सराने गिळलेले सत्य मागाहून बोलले, तरी त्या उशिराची झळ दुसऱ्यालाच सोसावी लागते.