नागूबायची दोन बोटं

शाळेच्या बाईंनी तीनदा निरोप धाडला, म्हणून लिहितोय. मी चौथीत शाळा सोडली. अक्षराला नावं ठेवायची असतील तर दुसरा म्हातारा बघा. आणि पोरांनो, मध्ये हसायचं नाही.

फार वर्षांपूर्वी, आमच्या भाटवडच्या खाडीला धक्कासुद्धा नव्हता, तेव्हा इथे नागूबाय नावाची कोळीण राहायची. नवरा समुद्राने नेलेला. एकच पोरगा, जोमा. ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मासळीची पिल्लं पायाला टोचली की सांगायची, ही बोयटं, हा जिताडा. नारळी पुनवेला पिल्लं तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत, दसऱ्याला मधल्या धारेत, थंडी पडली की खाडीच्या तोंडाशी आणि शिमग्याला खोल समुद्रात. तिचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात. कुणीही नवं जाळं विणलं की ती भोकात दोन बोटं घालायची. बोटं गेली तरच जाळं पाण्यात, म्हणजे पिल्लं सुटून जातील.

एका भादव्यात मोठी मासळी येईना. चुली थंड पडल्या. जोमाने बारीक जाळं विणलं.

"जोम्या, माजी बोटां जात नाय यात. जालं नाय, गालनं विनलंस तू!"

"आये, पोटात आग परलीय नि तू बोटां कसली घालतेस?"

भरदुपारी त्याने तिवरांत जाळं टाकलं. पाणी थरथरलं. मग जाळं वर येईना. दोर त्याच्या मनगटाला आवळला आणि होडी कलंडली. वारा पडला. बगळे गप्प झाले. जाळ्यात मोहरीएवढे हजारो डोळे होते आणि सगळे जोमाकडे बघत होते, असं म्हणतात. किनाऱ्यावर अख्खी वाडी उभी, पण एकाचा पाय उचलेना.

नागूबाय लुगडं खोचून आत शिरली. तिने जाळ्याच्या बारीक भोकात दोन बोटं खुपसली. कातडी सोलली, पण जाळं टराटरा फाटलं. पिल्लं सुटली, पाणी दुधासारखं पांढरं झालं. जोमा वर आला. तिची बोटं मात्र अडकून राहिली. जाळं तिला घेऊन खाली गेलं. भरती आली, ओहोटी झाली, तिचा केससुद्धा वर आला नाही.

सात वर्षं खाडीत पिल्लू फिरकलं नाही. मग जोमाने घरोघरची बारीक जाळी गोळा करून जाळली आणि पुनवेला पाण्यात उभा राहिला. पायाला काहीतरी टोचलं. ती पिल्लं नव्हती, दोन बोटं होती, असं म्हणतात.

त्या वर्षी पिल्लं परतली. म्हणून अजून नारळी पुनवेला वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस प्रत्येक नव्या जाळ्यात दोन बोटं घालतो आणि म्हणतो, "नागूबाय, बघ." बोटं गेली नाहीत तर जाळं तिथंच जाळतात. दसऱ्यापर्यंत तिवरांत कुणी जाळं टाकत नाही.

आता तो म्हातारा मी आहे. दोन वर्षांमागे वाडीतल्या एका पोराच्या नव्या जाळ्यात माझी बोटं अडली. मी सगळ्यांदेखत सांगितलं. "म्हाताऱ्याची बोटां सुजल्यान!" म्हणून त्याने वाडी हसवली आणि जाळं घेऊन तिवरांत गेला. तिसऱ्या दिवशी होडीसकट सापडला. जिवंत आहे. फक्त पाण्यात हात घालत नाही, आणि मनगटावर दोन बोटांचा वळ आहे, तो बाहीखाली झाकतो. माझी माफी अजून मागितलेली नाही.

धर्मा बुधाजी नाखवा.