दवंडीवाल्याने मागितलेली शिक्षा

फार पूर्वी डोंगरातला, मैदानातला आणि खाडीकाठचा असे तीन मुलूख जोडून एक नवं राज्य उभं राहिलं. राजा मैदानातला. सगळी प्रजा एक व्हावी, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून त्याने हुकूम काढला, "दरबाराची भाषा हीच राज्याची भाषा. दवंडीसुद्धा तिच्यातच."

त्या राज्यात एक दवंडीवाला होता. त्याची आई खाडीकाठची, त्यामुळे तिकडची बोली त्याला येई. पण हुकूम तो हुकूम. तो मुकाट्याने दरबारी भाषेत दवंडी पिटू लागला.

एका पावसाळ्यात नदीच्या उगमाकडल्या मोठ्या तळ्याचा बांध खचला. राजाने दवंडीवाल्याला तातडीने खाडीकाठी पिटाळलं. सोबत एक शिपाई दिला.

पहिल्या वस्तीत त्याने ढोल वाजवून सांगितलं, "घरं सोडा, टेकडीवर चला." लोकांना शब्द कळेनात, शिपायाचा भाला तेवढा दिसला. हे आपल्याला हुसकायला आलेत, असं समजून त्यांनी दारं लावून घेतली. दवंडीवाल्याच्या ओठांवर आईची बोली आली होती, पण शिपाई पाहत होता. तो तसाच पुढे निघाला.

दुसऱ्या वस्तीतही तेच. एक म्हातारी तर काठी घेऊन आडवी आली. आता मात्र त्याने ढोल खाली ठेवला आणि तिच्या बोलीत म्हणाला, "मावशी, वरचा बांध फुटतोय. लेकरं घ्या आणि टेकडीवर चला."

"हुकूम मोडतोयस," शिपाई म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

म्हातारीने काठी टाकली आणि ती घरोघर हाका मारत सुटली.

दवंडीवाला पहिल्या वस्तीकडे परत पोचायच्या आतच संध्याकाळी पाणी आलं. दुसरी वस्ती वाचली. पहिल्या वस्तीतली अकरा माणसं वाहून गेली.

राजाने दवंडीवाल्याला बोलावलं. "तू हुकूम मोडलास, पण माणसं वाचवलीस. तुला माफी आहे."

"माफी नको, महाराज. शिक्षा द्या. दुसऱ्या वस्तीत हुकूम मोडला म्हणून नाही, पहिल्या वस्तीत पाळला म्हणून."

राजा म्हणाला, "हुकूम माझा होता. तुला एकट्याला शिक्षा कशी देऊ?"

तेव्हापासून दवंडी तिन्ही बोलींत होऊ लागली. तरी पहिल्या वस्तीतले लोक राजाच्या माणसाला दारात उभं करीनात. दवंडीवाला मात्र दर बाजाराला तिथे जाई, अंगणाबाहेर बसून त्यांच्या बोलीत खुशाली विचारी. चौथ्या वर्षी एका घरातून त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या बाहेर आला.

तात्पर्य: हुकमाने मुलूख जोडता येतात, माणसं नाही. माणसं जोडायची तर त्यांच्या भाषेत बोलावं लागतं आणि त्यांच्या विश्वासाची वाट पाहावी लागते.