वाळवीचा गिलावा

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका टेकडीला लांबलचक तडा होता आणि नेमकं त्याच्यावरच वाळवीचं उंच वारूळ होतं. अधूनमधून जमीन हलकीशी हादरायची आणि वारुळाला भेग पडायची. मुकादमीण वाळवी ओरडायची, "लिंपा!" कामकरी ओली माती आणायचे आणि भिंत पुन्हा गुळगुळीत व्हायची.

तड्यात राहणारी घोरपड एकदा भडकून वर आली.

"अगं, लिंपतेस काय सारखी? खाली दोन अवाढव्य खडक एकमेकांना रेटत अडकून बसलेत. जरासे सरकतात तेव्हा तुझी भिंत तडकते. बाकीचा सगळा जोर आत साठतोय! पिल्लं घे आणि पलीकडच्या माळावर जा."

"भिंतीवर एक तरी भेग दाखव," मुकादमीण फणकारली. "तुला आमचं घर बघवत नाही, दुसरं काय!"

"मग बस लिंपत!" घोरपड शेपटी आपटून माळावर निघून गेली.

एका दुपारी खडकांची पकड सुटली. टेकडी गदागदा हलली, वारूळ कोसळलं आणि पिल्लं मातीखाली गाडली गेली.

घोरपड धावत आली. ढिगाऱ्यावर मुकादमीण जमिनीला शिव्या देत होती, "मेले, न सांगता घात केलास!"

"न सांगता?" घोरपड कडाडली. "ती दर वेळी तुझ्याच भिंतीवर लिहून देत होती. तू दर वेळी ते लिंपून टाकलंस!"

मुकादमिणीच्या मागे उरलेले कामकरी तोंडात ओली माती धरून हुकमाची वाट बघत उभे होते.