थोरोबाची यादी

संगणकांच्या पडद्यांना मागे मोठी ढेरी असायची, त्या काळची ही गोष्ट. एका छापखान्यात पाच संगणक होते. सगळ्यांत जुना थोरोबा. बाकीच्यांना लागणारे प्रोग्रॅम तो स्वतः तयार करून आपल्या कोठारात ठेवायचा आणि यादीत लिहायचा. यादीत नसलेलं कुणाला सापडायचंच नाही.

एकदा बाकी चौघांची जोडाक्षरं फुटू लागली. लग्नपत्रिका खोळंबल्या. थोरोबाने तीन दिवस खपून दुरुस्ती तयार केली, कोठारात ठेवली आणि ऐटीत वाट पाहत बसला. कुणी फिरकलंच नाही.

"आयतं ठेवलंय, तेही उचलवत नाही मेल्यांना!" तो धुसफुसला.

दुसऱ्या दिवशी त्याचीच जोडाक्षरं फुटली. सवयीने त्याने यादी उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि ओरडला, "दुरुस्ती यादीत अजून आली नाही? कोठार सांभाळतंय तरी कोण?"

चौघांतली शेजारची चिंगी हळूच म्हणाली, "आजोबा, आम्हीही हीच यादी वाचून परत जातोय."

थोरोबाने गुपचूप यादीत एक ओळ लिहिली. त्याचा पंखा मात्र बराच वेळ घरघरत होता. उकडतंय, म्हणाला.