सिदूने रंगाच्या कारखान्याची जागा साफ केली त्याची गोष्ट

नदीकाठच्या एका गावात सिदू नावाचा भोळा गडी राहायचा. गाव वाढत वाढत शहर झालं. सिदू होता तेवढाच राहिला.

गावात सूत रंगवायचा एक कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण रंग मातीत मुरून बसला होता. त्या मातीत घटकाभर उभं राहिलं की पोटऱ्या जांभळ्या व्हायच्या आणि आठवडाभर खाजायच्या. तिथल्या कोंबड्याही जांभळ्या. शेजारच्या चाळीत खिडकी उघडायची सोय नव्हती, इतका वास.

सिदूची बायको हौसा त्याच चाळीत राहून कावली होती. ती म्हणायची, "मला दुसरं काही नको. वारा येईल असं एक घर द्या."

एके दिवशी पालिकेनं ठरवलं, ती जागा साफ करायची. माती तपासणीत पास झाली तर तिथं चाळकऱ्यांना घरं. नापास झाली तर फाटकाला पुन्हा कुलूप. शिरपा मुकादमानं चाळीतलेच गडी कामावर घेतले. सिदूलाही घेतलं. हौसा म्हणाली, "अवो, मुकादम सांगतील तेवढंच करा."

सिदू तेवढंच करायचा. तीच तर पंचाईत होती.

पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, "सिदू, ही वरची माती खरवड आणि फाटकाबाहेर टाक."

सिदूनं दिवसभर माती टाकली. संध्याकाळी मुकादम फाटकाबाहेर आला आणि इकडंतिकडं बघायला लागला.

"माझी फटफटी कुठं हाय?"

"मातीखाली."

"मातीखाली का?"

"तुम्ही बाहेर टाक म्हणालात. फटफटी बाहेरच होती. मी तिला सरक म्हणालो, ती सरकली नाही."

मुकादम खाली बसला. मग शांतपणे म्हणाला, "आरं बाबा, ही विषारी माती. ती गावाबाहेरच्या खोल खड्ड्यात न्यायची. तळाला जाड प्लास्टिक घालायचं, माती भरायची, वरून प्लास्टिकनं झाकायची आणि पाटी लावायची, धोका आहे, हात लावू नये. लक्षात राहील?"

"राहील की."

आणि खरंच राहिलं.

विषारी माती सगळी गेली. मग डोंगराकडून चांगली तांबडी माती आली. ट्रकच्या ट्रक. हात घातला तर पिठासारखी. मुकादम पालिकेत गेला होता. परत आला तर जागा रिकामी.

"तांबडी माती कुठं गेली रं?"

"पुरली. प्लास्टिक घालून."

मुकादमानं खड्ड्यावर जाऊन बघितलं. चांगल्या मातीवर पाटी होती, धोका आहे. पाटीशेजारी सिदू जाऊन उभा राहिला.

"हात लावू नका, मुकादम," तो म्हणाला.

सगळ्या गड्यांनी मिळून माती उकरून परत आणली. मुकादम म्हणाला, "आरं, चांगली गोष्ट आली की पुरायची नसती. ती जमिनीवर सारखी पसरायची, पाणी मारायचं आणि धुम्मस घेऊन चोपायची. पार सपाट होईपर्यंत. लक्षात राहील?"

"राहील की."

आणि राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात टेम्पोभर रोपं आली. कडुनिंब, करंज, बकुळ. चांगली गोष्ट. सिदूनं ती जमिनीवर सारखी पसरली, पाणी मारलं आणि धुम्मस घेतलं. दुपारी हौसा भाकरी घेऊन आली तर सगळीकडं हिरवंगार सपाट.

"अवो, ही कसली चटणी?"

"झाडं हायेत," सिदू म्हणाला. "अजून जरा चोपायची राहिलीत."

हौसानं मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं आभाळाकडं बघितलं. मग म्हणाला, "सिदू, नाजूक जीव चोपायचा नसतो. तो खड्ड्यात उभा करायचा, भोवती माती दाबायची. वाऱ्यानं हलू नये म्हणून काठीला बांधायचा. शेळीनं तोंड लावू नये म्हणून भोवती बाभळीचे काटे लावायचे. आणि वरून झारीनं पाणी. लक्षात राहील?"

"राहील की."

पुन्हा रोपं आली, ती दुसऱ्यांनी लावली. मग तो दिवस उगवला. माती तपासणारे साहेब आले. उंच, सडपातळ, अगदी नाजूक. जागेच्या मधोमध कमरेएवढा खड्डा काढून ठेवला होता. साहेब बाटल्या घेऊन त्यात उतरले आणि माती खरवडून नाकाशी धरायला लागले.

मुकादम सिदूच्या कानात म्हणाला, "मी चहाचं बघून येतो. साहेबांना जप बरं का. आपली घरं त्यांच्या हातात हायेत."

सिदूनं साहेबांकडं बघितलं. नाजूक जीव. खड्ड्यात उभा. वारा सुटलेला. पलीकडं एक शेळी.

त्यानं फावडं उचललं. साहेबांना वाटलं, गडी पलीकडचा एखादा खड्डा बुजवत असेल. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा गुडघे दिसेनासे झाले होते.

"अरे, हे काय चाललंय?"

"जपतोय. हलू नका साहेब."

मुकादम चहा घेऊन आला. मागं सगळी चाळ, मुलंबाळं, हौसा. बघतात तर साहेब कमरेपर्यंत मातीत. पाठीला काठी. भोवती बाभळीचे काटे. चष्म्यावरून पाणी ठिबकतंय. आणि सिदू शेळी हाकलतोय.

"गेलं घर," हौसा म्हणाली.

साहेबांना उकरून काढलं. साहेबांनी विजार वर केली आणि बघतच राहिले. पोटऱ्या होत्या तशाच. पांढरे मोजे, मातकट झालेले, पण जांभळे नाहीत.

"खाज येते का साहेब?" मुकादमानं हळूच विचारलं.

"काटे टोचलेत," साहेब म्हणाले. "पण खाज नाही."

तरी त्यांनी बाटल्या नेल्या. नीट तपासल्या. माती पास झाली.

मुकादमानं सिदूला बाजूला घेतलं. "माती पास झाली म्हणून वाचलास. पण दारी आलेल्याला पुरतात का रं? त्याचा हात धरायचा, घरात आणायचं, पाटावर बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं. लक्षात राहील?"

"राहील की."

वर्षभरात घरं उभी राहिली. हौसाला पहिलंच मिळालं. तिनं खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. दारात रांगोळी काढली आणि नळावर गेली. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. रोलरवाला रोलर चालू ठेवून तोंड धुवायला त्याच नळावर गेला.

सिदूनं बघितलं. दारी कोण आलंय? केवढा मोठा पाहुणा. उन्हात धापा टाकत उभा, आणि कुणी या म्हणेना. सिदूनं पाट मांडला. तांब्या भरला. मग वर चढून पाहुण्याचा हात म्हणजे दांडा धरला आणि म्हणाला, "असं दारात नका उभे राहू. आत या."

रोलर आला. दारातून मावला नाही, म्हणून भिंतीतून आला. पाटावर बसला. पाटाचं पीठ झालं.

हौसा घागर घेऊन धावत आली. समोरची भिंत नव्हती. पदर वाऱ्यानं फडफडायला लागला. सिदू रोलरपुढं तांब्या धरून उभा होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "पाहुणा पाणी घेत नाही, लाजतोय. पण घरात वारा कसा मस्त येतोय बघ."

रोलर अजून निघालेला नाही. तो मधेच बसलाय, म्हणून गोष्टही इथून पुढं सरकत नाही.