कातळाकडे तोंड

“मग अजून किती उंच चढवू, उस्ताद?”

प्रल्हादनं स्लॅबवरून ओरडून विचारलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शहरातून आणलेला भलामोठा अँटेना वीस फुटी पाइपाच्या टोकाला डुलत होता, आणि खाली ओसरीवरच्या रेडिओतून नुसती खरखर येत होती.

अंगणात कासम मुलाणी बशीतून चहा पीत होते. तालुक्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. प्रल्हाद सोल्डरिंग शिकला तो शाळकरी वयात, त्यांच्याच दुकानात. आता तो शहरातल्या कॉलेजात हाच विषय शिकवत होता.

“उंचीचं राहू दे,” उस्ताद म्हणाले. “वाजले किती?”

“साडेदहा.”

अकरा वाजता त्याच्या आईची मुलाखत लागणार होती. यसूबाई गावची सुईण. चारशेच्या वर बाळंतपणं तिनं केली होती. रेडिओवाले दोन महिन्यांपूर्वी येऊन तिचं बोलणं घेऊन गेले होते. एकदाच लागणार होतं. दरीतल्या या गावात फोनला रेंज नव्हती. रेडिओ लागला तरच ऐकू येणार.

यसूबाई नवं लुगडं नेसून रेडिओसमोर बसली होती. भोवती वीसेक बाया. त्यांतल्या निम्म्या तिच्याच हातून जन्मलेल्या.

“पल्हाद, केंद्र कुठं आहे?” उस्तादांनी विचारलं.

“पूर्वेला. नकाशावर बघून कोन काढलाय. एक अंशाचीसुद्धा चूक नाही.”

“मधे काय आहे?”

“डोंगर आहे. म्हणून तर उंची वाढवतोय!”

“डोंगरापेक्षा उंच करणार?”

प्रल्हाद चिडून म्हणाला, “उस्ताद, मी हा विषय पोरांना शिकवतो.”

“चांगलं करतोस.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. खिशातून तळहाताएवढा रेडिओ काढला, छातीशी धरला आणि डोळे मिटून अंगणात उभ्याउभ्या वळू लागले. पावलापावलानं. अगदी सावकाश.

पूर्वेकडे खरखर. दक्षिणेकडे खरखर...

पश्चिमेकडे तोंड झालं आणि ते थांबले.

“तिकडं कर.”

प्रल्हादनं मान वळवून पाहिलं. पश्चिमेला गावावर ओणवलेला काळा कातळ. उभा, उघडा, गवताची काडी नसलेला.

“तिकडं काय आहे? दगड आहे नुसता! केंद्राकडं पाठ होईल.”

“होऊ दे. लाटा त्या कातळावर आपटून माघारी येतात.”

“पण उस्ताद...”

“पल्हाद. पावणेअकरा झाले.”

त्यानं पाइपाचा नट ढिला केला. रागात जोराचा हिसका दिला. पान्हा निसटला, स्लॅबच्या कडेवरून मागच्या गटारात गेला. नटही त्याच्यामागून गेला. आता पाइप हातांनीच धरायला हवा होता. त्यानं मिठी मारून तो फिरवला.

उत्तर... खरखर. वायव्य... खरखर.

आणि एकदम खालून एक बाई किंचाळली, “आलं! आलं!”

“गेलं! मागं घे रे!”

“अजून थोडं! अजून... बास! हलू नको!”

निवेदिकेचा आवाज अंगणात खणखणीत पसरला, जणू ती ओसरीवरच येऊन बसली होती. बायांनी टाळ्या पिटल्या. वारा सुटला, पाइप वळू पाहू लागला, आवाज फाटला. प्रल्हादनं गुडघे टेकले, पाइप छातीशी आवळला. आवाज परत आला.

अकरा वाजले.

“आता ऐकू या यसूबाई लोंढे यांना,” रेडिओ म्हणाला.

“अगं बया!” स्वतःचाच आवाज ऐकून यसूबाईनं तोंडाला पदर लावला. “किती भराभर बोलतीया ही!”

बाया हसल्या. मग ऐकू लागल्या.

प्रल्हादला वरून फक्त आईच्या पांढऱ्या केसांचा भांग दिसत होता. आवाज मात्र स्वच्छ येत होता. अडलेल्या बाया, रात्रीअपरात्री तुडवलेल्या वाटा, कंदिलाच्या उजेडात उकळलेलं पाणी. दंडांत गोळे येत होते. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

“सगळ्यात अवघड बाळंतपण कुठलं?” मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं.



“माझंच,” यसूबाईचा आवाज म्हणाला. “ओढ्याला पूर. मालक पलीकडं अडकलेले. घरात मी एकटी. पोर आलं ते निळं पडलेलं. रडंना. नाळ माझी मीच कापली. उलटं धरलं, थोपटलं, तोंडानं वारं घातलं. सगळं बळ सरलं होतं. पर म्हटलं, तू रडस्तवर मी काय निजत न्हाई.”

“मग?”

“मग रडला. असा रडला, असा रडला! आता शिकवतोय कालिजात.”



हे प्रल्हादला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षांत आईनंही नाही. त्यानं कपाळ त्या तापलेल्या पाइपावर टेकवलं. पाठ गदगदत होती, पण पाइप तसूभर हलला नाही.

मुलाखत संपली. बायांचा एकच गलका उठला. कुणी यसूबाईच्या पाया पडत होतं, कुणी तिला कवटाळत होतं. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं, अंगणात आली आणि कपाळावर हात आडवा धरून स्लॅबकडं बघत राहिली.

प्रल्हाद तिथंच होता. गुडघ्यांवर, पाइपाला मिठी मारून.

“उस्ताद,” तो कसाबसा बोलला, “मी सोडला तर आवाज जाईल...”

कासम मुलाणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आले. वर पाहून हसले.

“सोड, बाळा. पोचलाय तो.”