कड्यावरची दवंडी

कुणीतरी गावाला फसवलं होतं. कुणी, ते गावाला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो रोज त्याच गावातून खाली मान घालून हिंडत होता.

हे गाव होतं एका उंच पठारावर. तिथे वारा बारा महिने पश्चिमेकडून यायचा आणि पूर्वेच्या कड्यावरून खाली दरीत उडी घ्यायचा. घरांच्या पाठी पश्चिमेला, दारं पूर्वेला. छपरांवर दगड ठेवलेले. गावात माणसं एकमेकांशी बोलायची तीही ओरडूनच, त्यामुळे परक्याला वाटायचं, इथे सदान्‌कदा भांडण चाललंय.

अशा गावात दवंडी देणं सोपं नव्हतं. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. गावाच्या पश्चिमेला एक मोठा धोंडा होता. दवंडीवाल्याने त्या धोंड्यावर उभं राहायचं, म्हणजे वारा पाठीशी येतो आणि शब्द उचलून घराघरात नेऊन टाकतो. हलगी आधी जाळावर चांगली शेकायची, म्हणजे ती कडक वाजते. सगळ्यांच्या मालकीच्या जमिनीबद्दल काही ठरायचं असेल, तर अशी दवंडी द्यायची. तिसऱ्या दिवशी ज्याची हरकत असेल त्याने चावडीवर यायचं. कुणीच आलं नाही, तर गावाचा होकार धरायचा.

एकदा राजधानीतून निरोप आला. वाऱ्यातून उजेड काढणाऱ्या पवनचक्क्या पठारावर उभ्या करायच्या होत्या. पाच चक्क्या, गायरानात. राजधानीत दिवे लागतील आणि गावातही लागतील.

पाटील हरखला. पण लगेच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने दवंडीवाल्याला बोलावून घेतलं.

"दवंडी द्यायची आहे," पाटील म्हणाला. "पण धोंड्यावरून नको. पूर्वेच्या कड्यावरून दे."

"कड्यावरून? पाटील, तिथून वारा सगळं दरीत घेऊन जाईल. गावात चिमणीलासुद्धा ऐकू येणार नाही."

"मग?" पाटील हसला. "अरे, या लोकांना विचारलं तर वर्षभर काथ्याकूट चालेल. तोवर ती माणसं दुसऱ्या पठारावर जातील. मी गावाचं वाईट करतोय का? भलंच करतोय ना?"

"भलंच, पण..."

"आणि तुला खोटं बोलायला कुठे सांगतोय? दवंडी दे, शब्दन्‌शब्द खरा दे. फक्त जागा बदल. गावातला पहिला दिवा तुझ्या घरात लागेल, जा."

दवंडीवाल्याची म्हातारी आई संध्याकाळ झाली की भिंतीला हात लावून चालायची. त्याला ती भिंत आठवली. दुसऱ्या दिवशी तो कड्यावर गेला. हलगी शेकली नाही. बद्द आवाज निघाला. "ऐका हो ऐका," तो दरीकडे तोंड करून म्हणाला. पाच चक्क्या, गायरान, कुठली कुठली जागा, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तीनदा दवंडी देऊन तो घरी आला आणि जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी चावडीवर कुणीच आलं नाही. पाटलाने कागदावर लिहून दिलं, "दवंडी झाली. हरकत नाही."

महिन्याने गायरानात खुंट्या दिसल्या. पाच खुंट्या, प्रत्येकीला लाल फडकं. कुणी ठोकल्या? कशासाठी? कुणालाच माहीत नव्हतं. आणि जिथे माहिती नसते तिथे भीती स्वतःच बातम्या तयार करते.

"घरं उठवणार आहेत," वरच्या आळीत कुणी म्हणालं.

"मोठाली पाती लावणार म्हणे. ती ढगच कापून टाकतात. पाऊस गेला समजा!"

"अन् म्हशी आटतात त्या आवाजानं. माझ्या मेव्हण्याच्या गावात आटल्या."

"तुझा मेव्हणा म्हशी कधीपासून पाळायला लागला?"

सुरुवातीला लोक हसले, मग हसू थांबलं. खालच्या आळीला वाटलं, वरच्या आळीने गायरान देऊन टाकलं. वरच्या आळीला वाटलं, खालच्यांनीच दिलं. एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसणारी माणसं रस्ता बदलून जाऊ लागली. कुणीतरी रातोरात दोन खुंट्या उपटल्या, तर भलत्याच माणसाच्या अंगणात दगड पडले. दवंडीवाला हे सगळं बघत होता. कुणी नुसतं "काय रे" म्हणालं तरी तो घाईने घराकडे वळायचा. हलगी त्याने पोत्याखाली लपवून ठेवली होती, जणू ती आपणहून वाजेल.

मग खणायला माणसं आली. त्यांनी पाचव्या खुंटीपासून सुरुवात केली.

गायरानाच्या उताराला एक झरा होता. उन्हाळ्यात पठारावर पाणी म्हणावं असं तेवढंच. एक म्हातारी रोज पहाटे तिथे सगळ्यांच्या आधी जायची आणि घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळून घ्यायची. खणायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं फडकं लाल झालं. तिने ते पिळलं, पुन्हा बांधलं. पुन्हा लाल.

"झरा गढूळला!" ती ओरडत गावात आली. चौथ्या दिवशी धार बोटाएवढी झाली.

बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत निम्म्या जणी रिकाम्या परतल्या. पुरुषांनी काठ्या काढल्या, पण काठी कुणावर उगारायची यावरच भांडण जुंपलं.

त्याच संध्याकाळी दरीतून एक मेंढपाळ बाई मेंढरं घेऊन वर आली. ती दोन महिने खाली चराईला होती. ती थेट दवंडीवाल्याच्या दारात आली आणि ओट्यावर बसली.

"दादा, पाणी दे जरा."

त्याने तांब्या दिला. तिने तो रिकामा केला नाही. गढूळ पाण्याकडे बघत राहिली.

"तुझी दवंडी मला ऐकू आली होती बघ," ती म्हणाली. "खाली दरीत. स्वच्छ. मला नवल वाटलं, दादा आज मेंढरांना दवंडी देतोय का काय!"

दवंडीवाल्याने झटकन रस्त्याकडे पाहिलं. "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. ते सांगायचं काम तुझं." ती उठली. "पाचवी चक्की जुन्या आंब्याच्या खालच्या अंगाला, असं म्हणाला होतास ना? झऱ्याची शीर तिथूनच येते. मेंढरं तिथली ओल चाटतात. मेंढरं सोडून येता आलं नाही, मी वर असते तर हरकत घेतली असती रे."

ती गेली. आतून आईने विचारलं, "कोण होतं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. आणि हे आपलं पहिलं खोटं नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

सकाळी अख्खा गाव चावडीवर लोटला. पाटील शांत होता. खणणाऱ्यांचा मुकादमही आला होता. त्याच्या हातात तो कागद होता.

"माझ्यावर कशाला ओरडता?" मुकादम म्हणाला. "नकाशात झरा दाखवलेला नाही. गावाची हरकत नाही, असं लेखी दिलंय तुम्ही."

"आम्ही? कधी?"

"दवंडी झाली होती," पाटील म्हणाला. "रीतीप्रमाणे. तुम्ही आला नाहीत, त्याला मी काय करू? विचारा त्याला. दिली होतीस ना रे दवंडी?"

सगळ्या माना वळल्या. दवंडीवाल्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'दिली.' तो शब्द खराही होता. पाटील त्याच्याकडे बघून किंचित मान हलवत होता. मागे, भिंतीला हात लावून, त्याची आई उभी होती.

"दिली," तो म्हणाला.

पाटलाने श्वास सोडला.

"पण कड्यावरून दिली. दरीकडे तोंड करून. हलगीसुद्धा शेकली नव्हती. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणूनच दिली."

एकाच वेळी सगळे बोलू लागले. कुणी त्याची गचांडी धरली. मेंढपाळ बाई मध्ये पडली. "आधी झरा! मग ह्याला काय करायचं ते करा."

तिने मुकादमाला जागा दाखवली. मुकादमाने पावलं मोजली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एवढंच? चाळीस पावलं वर सरकवली असती की. वर वारा जास्तच आहे. कुणी बोललं का नाही?"

सगळा गाव पाटलाकडे वळला.

गावाने निवाडा केला. खड्डा बुजवायचा. कागद फाडायचा. दवंडीवाल्याने त्याच दिवशी पश्चिमेच्या धोंड्यावर उभं राहून पुन्हा दवंडी द्यायची, आणि जाळ करून हलगी शेकायचं काम पाटलाने करायचं. पाटलाच्या डोळ्यांत धूर गेला. पोरं हसली. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

मग काथ्याकूट झाला. वर्षभर नव्हे, बरोबर तीन दिवस. लोक घसा फुटेस्तोवर भांडले. मुकादमाने ढगांचं आणि म्हशींचं शंभरदा समजावलं. चार चक्क्या आहे त्या जागी, पाचवी चाळीस पावलं वर, असं सगळ्यांसमोर ठरलं. पुढच्या वर्षी पाती फिरली आणि गावात दिवे लागले. दवंडीवाल्याच्या घरात सगळ्यात शेवटी लागला, तोही त्याच्याच मागणीवरून.

पण झरा पूर्वीसारखा झाला नाही. पाणी नितळ झालं, धार मात्र निम्मीच राहिली. आणि आजही त्या गावात हलगी वाजली, की माणसं आधी बोट ओलं करून वर धरतात, वारा आणि हलगी एकाच बाजूने येतात का ते बघतात आणि मगच ऐकतात. दवंडीवाला धोंड्यावर उभा राहून ती वर गेलेली बोटं मोजत असतो.

तात्पर्य: जे सगळ्यांचं आहे, त्याची बातमी सगळ्यांच्या कानापर्यंत पोचली तरच ती सांगितली असं म्हणावं. नियम पाळून लपवलेली गोष्टही लपवलेलीच असते.

झऱ्यावरच्या म्हातारीला एवढं लांबलचक पाठ होत नाही. ती घागरीच्या तोंडाला फडकं बांधते, बारीक धारेखाली घागर धरते आणि शेजारणीला म्हणते, "शब्द खरेच असतात गं. सांगणाऱ्याचं तोंड कुणीकडं होतं, ते आधी बघावं."